एफेड्राला बी धरलं

लोहाऱ्यात नवऱ्यावर संशय घेणाऱ्या बायका काही कमी नाहीत. कुणी मोबाईलवरून घेतं, कुणी शर्टाच्या खिशावरून, कुणी नुसत्या अत्तराच्या वासावरून. पण अंगणातल्या झुडपाला बी धरलं म्हणून नवऱ्यावर संशय घेणारी फरिदाबी अख्ख्या तालुक्यात एकटीच. आणि गंमत अशी, की हा संशय कसा घ्यायचा हे तिला शिकवलं होतं खुद्द नवऱ्यानंच.

नवरा म्हणजे मकबूल सर. तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. उद्याचा तास आदल्या संध्याकाळी घरात मोठ्यानं घोकायची त्यांना सवय. त्यामुळं भाकऱ्या थापता थापता फरिदाबीचंही निम्मं वनस्पतिशास्त्र पाठ झालेलं. तिला परीक्षेला बसवलं असतं तर सरांच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या पुढं गेली असती, असं सर स्वतःच म्हणायचे. तेव्हा ते हसत म्हणायचे.

झुडूप वाळवंटातलं. नाव एफेड्रा. पंचवीसेक वर्षांपूर्वी सर कॉलेजची सहल घेऊन राजस्थानात गेले होते, तिथून ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलेलं. अंगणातली काळी माती उकरून टाकून सरांनी वाळू आणि मुरूम भरला, उंचवटा केला, म्हणजे पावसाळ्यात मुळाशी पाणी थांबू नये. नवख्या माणसाला ते झाड वाटतच नाही. पानं म्हणाल तर सांध्यासांध्यावर कोंड्याएवढी, तीही भिंगातून बघावी तेव्हा दिसणार. बाकी सगळ्या गाठीगाठीच्या हिरव्या काड्या. पानांचं काम त्या काड्याच करतात. शेजारच्या गजराबाईनं पहिल्याच दिवशी कुंपणावरून विचारलं होतं, "सर, खराटा उलटा कशापायी रोवलाय?"

त्याला फूल येत नाही. देवदाराच्या जातीचं, म्हणून शंकू येतात, पण तुरीच्या दाण्याएवढे. आणि या जातीत नर वेगळा, मादी वेगळी. एका झाडावर नुसते नरशंकू, दुसऱ्यावर नुसते मादीशंकू. सरांच्या अंगणातली ती मादी. थंडी सरता सरता तिच्या शंकूच्या टोकाला, बीजांडाच्या तोंडाशी, सकाळी एक थेंब दिसतो. दवाचा नव्हे, झाड तो आतून बाहेर काढतं. वाऱ्यावर नराचे पराग आले की त्या थेंबाला चिकटतात, आणि झाड थेंब आत ओढून घेतं. पराग आलेच नाहीत तर थेंब वाळतो, दुसऱ्या सकाळी पुन्हा येतो, आणि असे काही दिवस वाट बघून शंकू गळून जातो.

घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सर अंगणात नेऊन हे सगळं सांगायचे. शेवटी म्हणायचे, "सबंध मराठवाड्यात ही एकटी. हिला बी कधी धरायचं न्हाय." पाहुणा बिचारा चहा थंड होतोय म्हणून चुळबुळत असायचा.

फरिदाबीला मात्र ते झुडूप जिवापाड प्यारं होतं. कारण आणलं तेव्हा सर म्हणाले होते, "फरिदा, हे तुझ्यासाठी." सरांनी लग्नानंतर तिला साडी आणली, बांगड्या आणल्या, पण ते सगळं तिनं सांगितलं म्हणून. न सांगता आणलेली ही एकच वस्तू. त्या साली मुलगा तौसिफ दीड वर्षाचा होता, सारखा आजारी, म्हणून ती त्याला घेऊन अणदूरला माहेरी राहिली होती. परत आली तर अंगणात हे. खराटा तर खराटा, पण इतक्या लांबून नवऱ्यानं आपल्यासाठी आणला, या एका गोष्टीवर तिनं पंचवीस वर्षं त्याला पाणी घातलं. बेतानं घातलं, कारण जास्त घातलं तर मरतं, हेही तिला पाठ होतं.

यंदा रमजानच्या सुरुवातीला ती सकाळच्या नमाजनंतर अंगणात आली, आणि तिला दिसलं की काल होते ते थेंब आज नाहीत. वाळून गेले असतील म्हणावं, तर अजून ऊनही आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. आणि शंकू गळायच्या ऐवजी हळूहळू फुगायला लागले.

फरिदाबीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथं.

थेंब आत गेला म्हणजे पराग आले. पराग आले म्हणजे नर आहे. आणि वाऱ्यावर येण्याइतका जवळ आहे. आता लोहाऱ्यात राजस्थानचा एफेड्रा कोण लावणार? तहसील कचेरीसमोरच्या नर्सरीत गुलाब मिळतो, शोभेचा अशोक मिळतो, फार तर ड्रॅगन फ्रूट. हे झाड गावात आणू शकणारा माणूस एकच, आणि तो आत खाटेवर पेपर वाचत पडला होता.

तिनं सरांना काहीच सांगितलं नाही. सरांचे गुडघे धरलेले, झुडपाशी उकिडवं बसायची त्यांची सोय राहिली नव्हती. डोळ्यातही मोतीबिंदू उतरायला लागलेला. ते उभ्या उभ्या झाडाकडं बघायचे आणि म्हणायचे, "यंदा बी बिचारी तशीच." हे म्हणताना त्यांचा चेहरा फरिदाबी निरखून बघायची. खरंच माहीत नाही, की माहीत असून सोंग करतात? मांजर डोळे मिटून दूध पितं तसं तर नव्हे?

एकदा संशय धरला की सगळं जग साक्ष द्यायला तयारच असतं. जुम्याच्या नमाजला सर नेहमीच अत्तर लावायचे. आता तिला वाटू लागलं, जास्त लावतात. रोजा सोडल्यावर अक्रमच्या चहाच्या टपरीवर ते पूर्वीही बसत. आता वाटू लागलं, फार वेळ बसतात. एकदा त्यांनी कुर्त्याची इस्त्री मोडली म्हणून दुसरा कुर्ता मागितला. चौसष्टाव्या वर्षी इस्त्री! फरिदाबीनं कुर्ता दिला, पण असा दिला, की सर दचकले.

त्यातच गजराबाईनं कुंपणावरून बातमी टाकली. गजराबाईला बातमी पोटात ठेवता येत नाही, आणि ठेवायचा तिनं कधी यत्नही केला नाही.

"कळलं का फरिदाबी? मिनाज मॅडम परत आल्यात म्हणं गावात. दिवाळीपासनंच हायत्या. सोलापूरचं घर पोराला देऊन टाकलं, आन् इथं आईबापाच्या घरात ऱ्हायल्यात. एकट्याच."

"कुठलं घर गं त्यांचं?"

"अवं ते, मावळतीकडचं. पाण्याच्या टाकीच्या अंगाला."

मावळतीकडचं. फरिदाबीच्या हातातला तांब्या हातातच राहिला. मिनाज मॅडम त्या काळी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या, लग्न व्हायचं होतं. राजस्थानच्या सहलीत मुली होत्या म्हणून एक बाई शिक्षिका बरोबर पाहिजे होती, आणि ती शिक्षिका होती मिनाज मॅडम. पुढं लग्न होऊन सोलापूरला गेल्या, आईवडील वारले, घराला कुलूप. म्हणजे दिवाळीत बाई परत येते, आणि थंडी सरताना इकडं झाडाला बी धरतं. आणि या दिवसांत दुपारनंतर लोहाऱ्यात वारा सुटतो तो मावळतीकडूनच. अंगणात वाळत घातलेल्या पापडांवर टाकीकडची धूळ येऊन बसते, हे गावातल्या लेकराला विचारा.

ईदला दरवर्षी शिरखुर्म्याचे डबे ओळखीच्या घरी जायचे. पोरंटोरं नेऊन द्यायची. यंदा फरिदाबी म्हणाली, मावळतीकडची घरं मी स्वतः करते. नवी साडी, हातात पिशवी, पिशवीत डबे, आणि नजर प्रत्येक घराच्या परसात. लोकांना कोण कौतुक वाटलं! "भाबी, तुमी सोता आलाव?" म्हणून बायका गळ्यात पडत होत्या, आणि भाबी त्यांच्या खांद्यावरून मागं कडीपत्ता आहे, पपई आहे, कोरफड आहे, असं एकेक झाड नजरेखालून घालत होती. शिरखुर्मा देण्यामागं एवढं पाप मनात कुणी आजवर ठेवलं नसेल. अल्ला माफ करो, असं ती प्रत्येक दारातून निघताना पुटपुटायची, आणि पुढच्या दारात तेच करायची.

मिनाज मॅडमच्या घरी ती शेवटी गेली. मॅडम आता साठीला टेकलेल्या, केस कापलेले, चष्मा, मोकळं हसू. "ईद मुबारक भाभी! सर कसे आहेत?" हे त्यांनी इतक्या पटकन विचारलं, की फरिदाबीला ते टोचलं. ती म्हणाली, "परसात जरा हात धुते." मॅडम म्हणाल्या, "तिकडं नको भाभी, दार लावून घेतलंय, काम काढलंय मागं. इथंच धुवा बेसिनवर." परसाचं दार बंद होतं, वर कडी होती, आणि कडीत एक खिळा अडकवलेला होता.

दाराला कडी असते, मान्य. कडीत खिळा कशाला?

घरी येईपर्यंत तिचा संशय पक्का झाला होता. ती रात्रभर कुशीवर वळत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सरांच्या चहाबरोबर तिनं एक ताटली ठेवली. ताटलीत एकच शंकू होता, टम्म फुगलेला.

"हे काय हाय, सर?"

एरवी ती त्यांना "अवो" म्हणायची. "सर" म्हणाली, की आभाळ भरून आलंय हे मकबूल सरांना कळायचं. पण या वेळी त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी भिंग काढलं, शंकू उजेडाला धरला, नखानं फोडला, आणि सर जागच्या जागी अर्धे उठले.

"फरिदा! बी भरलंय! अगं, रिकामं न्हाय, भरलेलं बी हाय! कुठं सापडलं?"

"आपल्याच अंगणात. अजून लई हायत."

"लई हायत?" सरांचा चेहरा पोराच्या चेहऱ्यासारखा झाला. फरिदाबीला क्षणभर वाटलं, या माणसाला खरंच काही माहीत नाही. मग तिला कडीतला खिळा आठवला.

"नर कुठं हाय?"

"आं?"

"नर वेगळा, मादी वेगळी, तुमीच घोकलंय तीस वर्सं. मादीला बी धरलं म्हंजे नर हाय. किती लांब असंल?"

प्रश्न विचारला की सरांच्या तोंडून उत्तर आपोआप यायचं. ती खोड जन्माची. "पराग लांबवर जातात, पण जितकं लांब तितके पांगतात. आणि इतक्या शंकूंत बी भरायचं म्हटलं तर लांब न्हाय. गावातच असणार."

हे बोलून झाल्यावर ते काय बोलले ते त्यांना ऐकू आलं.

"गावातच," फरिदाबी म्हणाली. "आन् ते गावात आणलं कुणी? म्या? का गजराबाईनं?"

दुसरा कुणी नवरा असता तर साफ नाही म्हणून मोकळा झाला असता. मला काय माहीत, पाखरानं आणलं असेल, वादळानं आणलं असेल, बायकोच्या डोळ्यांत धूळ फेकायला एवढं पुरतं. पण मकबूल सरांना खोटं बोलायला त्यांचंच शास्त्र आड येत होतं. नराशिवाय बी नाही, हे त्यांनी फळ्यावर इतक्यांदा लिहिलं होतं, की आता ते स्वतःला वाचवायलाही पुसता येईना. बी तर समोर ताटलीत होतं. म्हणजे नर होता. आणि नर कुठं असू शकतो, हे जगात त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं.

"दोन आणले होते," ते म्हणाले.

फरिदाबीनं ताटली आपल्याकडं ओढली.

"जोडी होती. मादी इथं लावली. नर मिनाज मॅडमला दिला." सर तिच्याकडं न बघता बोलत होते. "तू अणदूरला होतीस. तौसिफचं आजारपण चाललेलं. फरिदा, तुला खोटं सांगत न्हाय, एक सालभर माझं मन ठिकाणावर नव्हतं. तिला म्या कधी काही बोललो न्हाय. कधी बोट लावलं न्हाय. फक्त ते झाड दिलं. वाटलं, नर तिच्या अंगणात, मादी आपल्या अंगणात. वारा तिकडून इकडं येतो. पुढंमागं बी धरंल. एवढंच. मग तिचं लग्न झालं, घराला कुलूप लागलं. म्या समजलो, झाड मेलं."

"आन् मला म्हणलाव, तुझ्यासाठी आणलंय."

सरांनी मान खाली घातली. त्या खाली घातलेल्या मानेवर फरिदाबी कदाचित थोडी विरघळली असती. माणूस आहे, चुकला, पंचवीस वर्षं झाली. पण तेवढ्यात सर स्वतःशीच, अगदी हळू बोलले:

"म्हणजे तिनं जगवलं म्हणायचं."

आणि त्यांच्या तोंडावर उजेड आला. जरासाच. फरिदाबीनं तो पाहिला. झालं गेलं सगळं एकवेळ तिनं गिळलं असतं, पण तो उजेड तिच्या घशाखाली उतरेना. तिचा असा संताप झाला, की ताटली उचलून अंगणात भिरकावावी, पण ताटली माहेरची होती, म्हणून तिनं ती आत नेऊन घासायला टाकली आणि सांगितलं, "उद्या म्या जाऊन येते. तुमचं झाड कसं जगवलंय बघते. आन् तिथनंच अणदूरची गाडी धरते. चाळीस वर्सं झाली, आता भावाच्या दारात बसाया लाज कसली?"

सकाळी ती खरोखरच पिशवी भरून निघाली. पाण्याच्या टाकीपर्यंत चालताना तिनं भांडणाची पहिली ओळ तयार केली, दुसरी तयार केली, आणि मिनाज मॅडमनं दार उघडल्यावर त्यातली एकही तिला आठवली नाही. ती सरळ म्हणाली, "मॅडम, सरांनी तुमाला एक झाड दिलं हुतं. मला बघायचंय."

"झाड?" मॅडम विचारात पडल्या. "कुठलं झाड, भाभी?"

"काड्यांचं. राजस्थानचं."

"हां! ते!" मॅडम एकदम हसायला लागल्या, हसून त्यांनी चष्मा काढला. "भाभी, ते तर अम्मीच्या शेळीनं त्याच आठवड्यात फस्त केलं! मुळापासून उपटून खाल्लं मेलीनं. मला सरांना सांगायची इतकी लाज वाटली. एवढ्या लांबून आणलेलं, मोठ्या हौसेनं दिलेलं. ते विचारतील या भीतीनं मी महिनाभर स्टाफरूममध्ये त्यांना चुकवत होते. त्यांनी पण विचारलं नाही कधी. या ना, बघा हवं तर."

त्यांनी खिळा काढला, कडी काढली, परसाचं दार उघडलं. मागं ओल्या सिमेंटची फरशी होती, नवं न्हाणीघर अर्धं उभं राहिलेलं, एक निळी पाण्याची टाकी. हिरवं म्हणाल तर भिंतीच्या भेगेत एक पिंपळाचं रोप. गवंडी सामान टाकून गेला होता, कुत्री शिरतात म्हणून कडीत खिळा.

"सरांनी तुमालाच का दिलं हुतं?" फरिदाबीनं विचारलं. हे विचारायला ती आली नव्हती, पण तोंडून गेलं.

"मलाच कुठं? त्या सहलीतून सरांनी सगळ्या स्टाफला काही ना काही आणलं होतं. प्राचार्यांना निवडुंग दिला होता. मला वाटलं, तसंच मलाही." मॅडमच्या चेहऱ्यावर लपवाछपवीचं काहीच नव्हतं. फरिदाबीनं जितकं शोधलं तितकं ते सापडेना. "का हो भाभी? आज एकदम?"

"काय न्हाय. जोडीचं हाय का बघायचं हुतं," फरिदाबी म्हणाली.

मॅडमनी चहा केला, तिला तो प्यावा लागला. परत निघताना तिला हसू यावं की रडू यावं हे कळेना. ज्या बाईसाठी नवऱ्याचं मन सालभर ठिकाणावर नव्हतं, त्या बाईला त्याचा पत्ताच नव्हता. शेळीनं खाल्लं! नवऱ्याचा राग होताच, पण त्याच्या वतीनं अपमानही वाटत होता, आणि तो का वाटावा म्हणून स्वतःचा पुन्हा राग येत होता. अणदूरची गाडी फलाटाला लागलेली दिसली. ती स्टँडवर थोडा वेळ उभीही राहिली. पण एक गोष्ट तिला पुढं जाऊ देईना. नर तिथं नाही, तर मग बी धरलं कशानं? आणखी एखादं घर आहे का? आणखी कुणी मॅडम? दोन आणले म्हणणाऱ्यानं तीन आणले नसतील कशावरून? एस.टी. निघून गेली आणि फरिदाबी घराकडं वळली.

सर ओसरीवर बसले होते. कालपासून त्यांच्या पोटात अन्न नव्हतं. ती त्यांच्यासमोरून गेली आणि थेट झुडपाशी बसली. आज तिनं ते नवऱ्याच्या शब्दांतून नाही, आपल्या डोळ्यांनी पाहिलं. एकेक फांदी हातात घेऊन, फौजदार झडती घेतो तशी. पुढच्या फांद्यांना फुगलेले शंकू. मधल्यांनाही. मग ती भिंतीकडच्या अंगाला गेली. तिथं भिंत आणि झुडूप यांत जेमतेम हात शिरेल एवढी फट. पाणी घालतानाही तिकडं कधी कुणी गेलेलं नव्हतं.

तिथं एक फांदी होती, आणि तिच्या सांध्यांवर काही वेगळंच होतं. बारीक गोंडे, दाट, एकाला एक चिकटून. बरेचसे वाळून तपकिरी झालेले, पण सावलीतले दोनतीन अजून ताजे. तिनं बोट लावलं. बोटाला पिवळी भुकटी लागली.

सरांनी घरात काढलेल्या आकृत्या तिनं शेकड्यांनी पाहिल्या होत्या. नरशंकू ओळखायला तिला भिंग लागलं नाही. फांदी भिंतीपलीकडून आलेली नाही ना, म्हणून तिनं ती बोटांनी खाली खाली चाचपत नेली. ती त्याच खोडातून निघाली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा. सगळ्या गावाच्या परसांतून शिरखुर्मा फिरवला, आणि नर इथं, स्वतःच्या घरात, मादीच्याच अंगावर.

तिनं फांदीचं टोक खुडलं आणि सरांच्या हातात दिलं.

सरांनी भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. मग ते उठले, भिंतीला धरून त्या फटीपर्यंत गेले, गुडघ्याची पर्वा न करता खाली बसले आणि म्हणाले, "एकाच झाडावर दोन्ही! फरिदा, होतं असं. क्वचित होतं. म्या वाचलं होतं कधीतरी."

"वाचलं हुतं? मग वर्गात कधी सांगितलं न्हाय ते?"

"मुद्दाम न्हाय सांगायचो. अपवाद सांगितले की पोरं पेपरात गोंधळतात. नर वेगळा, मादी वेगळी, एवढं लिहिलं की मार्क मिळतात." सर बोलता बोलता थांबले. पोरांसाठी गाळलेला अपवाद इतक्या वर्षांत ते स्वतःही विसरून गेले होते. "म्हणजे बाहेरून कुठूनच काही…"

"कुठनंच न्हाय."

"आणि तिच्याकडचं?"

"शेळीनं खाल्लं. तुमी दिलं त्याच आठवड्यात. तिला तर म्हाईतबी न्हाय तुमी का दिलं ते. प्राचार्याला निवडुंग दिला तसं आपल्याला दिलं, असं समजून बसली बाई."

मकबूल सर भिंतीला टेकून मातीतच बसले. कालचा तो उजेड तोंडावरून पार गेला होता. आता ते नुसते एक थकलेले, मोतीबिंदू झालेले गृहस्थ दिसत होते, हातात दोन गोंडे धरलेले. ते म्हणाले, "म्हणजे म्या उगीच बोललो. गप्प बसलो असतो तर आज आपोआपच मिटलं असतं."

"व्हय. मिटलं असतं," फरिदाबी म्हणाली. "पण तुमी खरं बोललाव. उगीच म्या विचारलं."

तिनं पिशवी उचलली. अणदूरला जायचं आता कारण राहिलं नव्हतं, आणि इथं राहायचं कारणही तिला सुचत नव्हतं. महिनाभर तिनं या माणसाचा कुर्ता हुंगला, पावलं मोजली, परसं धुंडाळली, जिवाचं पाणी पाणी केलं. आणि त्या सगळ्या दिवसांत आतून एक गोष्ट तिला धरून होती, की आपला संशय खोटा निघेल. आज तो खोटा निघाला होता. झाड निर्दोष होतं, मिनाज निर्दोष होती, वारा निर्दोष होता. फक्त नवऱ्यानं जे कबूल केलं ते तेवढं खरं होतं.

"ऊन झालंय, उठा," ती म्हणाली आणि त्यांना हाताला धरून उभं केलं. मग ती आत गेली आणि भाकरीला पीठ काढलं. या घरात आता संशय घ्यायलाही काही उरलं नव्हतं.